फौजी डबा

आमच्या गंगाखेडच्या घरी एक डबा आहे. डबा म्हणजे आपला स्टीलचा पोह्यांचा डबा नव्हे. वीस लिटरचा, लोखंडी, तीन कड्यांचा, दोन्ही अंगांना फुलीसारखी खोलगट नक्षी असलेला पेट्रोलचा कॅन. इंग्रजीत त्याला जेरीकॅन म्हणतात हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आमच्याकडे त्याचं नाव एकच, ‘फौजी डबा’.

आणि त्याची एक गोष्ट आहे. सप्टेंबर १९४८, पोलिस अ‍ॅक्शनचे दिवस. आबा, म्हणजे माझे आजोबा, तेव्हा विशीत होते. फौजेची एक गाडी शेताच्या कडेला थांबली, इंजिन तापलं होतं. आबांनी विहिरीतून पाणी शेंदून गाडीत घातलं, जवानांना भाकरी दिली, आणि जाताना त्यांनी आबांना हा डबा दिला. ही गोष्ट मी किमान शंभर वेळा ऐकली असेन. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदन झाल्यावर मुलांना ते ही गोष्ट सांगायचे. रिटायर झाले तरी सांगतात.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबतो. पुण्यातल्या माझ्या टीममध्ये अर्ध्या लोकांना हे माहीत नव्हतं म्हणून. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आम्ही नाही झालो. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता, आणि दुसर्‍या बाजूला कासिम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज संस्थानात शिरली, १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवायची घोषणा केली आणि १८ ला हैदराबादच्या सैन्याने मेजर जनरल जे. एन. चौधरींपुढे शरणागती पत्करली. लष्करी नाव ऑपरेशन पोलो. आमच्याकडे मात्र सगळे ‘पोलिस अ‍ॅक्शन’च म्हणतात. तर आमच्या घरात त्या पाच दिवसांची खूण म्हणजे हा डबा.

आता माझ्याकडे येतो. गेल्या तीन वर्षांपासून मला एक खूळ लागलंय. जुन्या लष्करी वस्तू ओळखायचं. जमवायचं म्हणत नाही, कारण भाड्याच्या वन बीएचकेमध्ये जमवून जमवून काय जमवणार! सुरुवात झाली पुण्याच्या जुन्या बाजारात. रविवारी सकाळी मित्राच्या बाइकसाठी आरसा शोधायला गेलो होतो. तिथे पाना-पकडींच्या ढिगात अ‍ॅल्युमिनियमची एक पाण्याची बाटली दिसली. तळाशी ‘यू.एस.’ आणि त्याखाली १९४४. दीडशे रुपयांना घेतली. रात्री तीन वाजेपर्यंत वाचत बसलो. महायुद्धातली अमेरिकन सैनिकाची बाटली, शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर! ती इथे आली कशी?

याचं उत्तर शोधता शोधता एक अख्खा इतिहास सापडला, जो शाळेत कुणी शिकवला नव्हता. दुसर्‍या महायुद्धात अमेरिकेचं चीन-ब्रह्मदेश-भारत असं एक स्वतंत्र युद्धक्षेत्रच होतं. माल उतरायचा कराची, कलकत्ता, मुंबई अशा बंदरांत. शिवाय लेंड-लीज करारातून ब्रिटिशांना आणि पर्यायाने भारतीय फौजेला अमेरिकन जीप, ट्रक, रणगाडे मिळाले. युद्ध संपलं आणि हा सगळा पसारा इथेच राहिला. परत नेण्याचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त. कानपूरला बी-२४ लिबरेटर बॉम्बर विमानं अशीच मोडतोड करून टाकून दिली होती. पुन्हा कुणी वापरू नये म्हणून मुद्दाम खराब केलेली. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली चाळीसेक दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत उडवली. मला तर वाटतं ‘जुगाड’ या शब्दाचं याहून मोठं उदाहरण जगात नसेल. आणि महिंद्राची जीप? १९४५ मध्ये सुरू झालेल्या कंपनीने १९४७ पासून विलीज जीप जुळवायला घेतली, तीही याच युद्धातल्या जीपची सख्खी वारसदार.

या छंदात खरी मजा ओळखण्यात आहे. उदाहरणार्थ युद्धातली जीप. विलीजने आणि फोर्डने मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीप बनवल्या, दिसायला सारख्याच. पण फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ अक्षर ठोकलं होतं. आणि पुढची जाळी काढून खाली बघितलं तर चासीचा आडवा दांडा विलीजचा गोल नळीसारखा, फोर्डचा उलट्या ‘यू’ आकाराचा. समोरच्या जाळीला नऊ फटी असतील तर युद्धकाळातली, सात असतील तर नंतरची नागरी जीप. ब्रिटिश वस्तूवर बाणाचं चिन्ह असतं. भारतात बनलेल्या किंवा भारतीय फौजेच्या मालावर बाणासोबत ‘आय’ असतो. महायुद्धातली पदकं बघा. ब्रिटिशांनी आपल्या सैनिकांना दिलेल्या पदकांच्या कडेवर नाव नसायचं, पण भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव कोरलेलं असायचं. म्हणजे आपल्याकडच्या कुणा आजोबांचं पदक भंगारात सापडलं तर ते कुणाचं हे आजही वाचता येतं. हे मला फार भारी वाटतं.

आणि फसवाफसवीही भरपूर. बाजारात ‘ब्रिटिश कॅप्टनचं होकायंत्र’ म्हणून जे चकचकीत पितळी प्रकरण मिळतं ते बहुतेक वेळा रुडकी-मुरादाबादकडे गेल्या वर्षी बनलेलं असतं. मी असलं एक बाराशे रुपयांना घेतलंय. त्यावर सन १८८५ लिहिलंय आणि आतला स्क्रू फिलिप्सचा, म्हणजे फुलीच्या खाचेचा. तो प्रकार बाजारात आला १९३० च्या दशकात. माझी ट्यूशन फी समजा. :-)

तर मागच्या वर्षी गणपतीला घरी गेलो. अंगणात फौजी डबा नेहमीच्या जागी, पाण्याच्या टाकीशेजारी. लहानपणापासून बघतोय, पण ‘त्या’ नजरेने पहिल्यांदा बघितलं. अंगात एकदम करंट गेला हो!

आधी जरा जेरीकॅनबद्दल सांगतो. मूळ डिझाइन जर्मनांचं, १९३७ च्या सुमाराचं. जर्मनांना ब्रिटिश सैनिक ‘जेरी’ म्हणायचे, म्हणून जेरीकॅन. तीन कड्या का? एका माणसाला भरलेला डबा मधल्या कडीने उचलता येतो, दोघांना बाजूच्या दोन कड्या धरून नेता येतो, आणि दोन रिकामे डबे शेजारी ठेवले तर एका हातात दोन्ही येतात. अंगावरची फुली नक्षी म्हणून नाही, पेट्रोल तापून फुगलं तर पत्र्याला जागा मिळावी आणि डबा मजबूत राहावा म्हणून. ब्रिटिशांकडे तोपर्यंत चार गॅलनचे पातळ पत्र्याचे चौकोनी डबे होते. इतके गळके की त्यांच्याच सैनिकांनी त्यांचं नाव ‘फ्लिम्झी’ ठेवलं होतं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांचं कितीतरी पेट्रोल असं वाटेतच झिरपून गेलं. मग त्यांनी जर्मनांचे डबे हाती लागतील तसे वापरले आणि शेवटी जसेच्या तसे बनवले. अमेरिकनांनी मात्र झाकण बदललं. जर्मन आणि ब्रिटिश डब्याला खटका असलेलं झाकण, अमेरिकन डब्याला आट्यांचं, फिरवायचं.

आमच्या डब्याचं झाकण केव्हाच हरवलंय, पण तोंडाला आटे स्पष्ट. आणि निळ्या ऑइलपेंटच्या थराखाली, बोट फिरवलं की जाणवणारी दोन उठावाची अक्षरं. यू.एस.!

मी जवळजवळ ओरडलोच. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते.

“बाबा, आपला डबा अमेरिकन आहे!”

“असंल. फौजेचा आहे म्हणल्यावर,” बाबा शांतपणे म्हणाले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. लेंड-लीज, ब्रह्मदेश, १९४८ मध्ये आपल्या फौजेकडे अमेरिकन शर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे होते, जीप होत्या, म्हणजे डबे पण असणारच. गोष्ट तंतोतंत जुळत होती. बाबांनी पेपर खाली ठेवला. असं फार कमी वेळा होतं. माझ्या नोकरीतलं त्यांना काही कळत नाही आणि त्यांच्या शाळेतलं मला कधी ऐकावंसं वाटलं नाही. त्या दिवशी दुपारभर आम्ही दोघं डब्याशेजारी बसून होतो. संध्याकाळी त्यांनी गावातल्या वाचनालयाला फोन केला. १७ सप्टेंबरला तिथे जुन्या फोटोंचं, कागदपत्रांचं छोटं प्रदर्शन भरणार होतं. “आमच्याकडं अस्सल वस्तू आहे. पोराने शास्त्रीय तपासणी केली आहे,” असं चक्क सांगितलं. शास्त्रीय! मी डबा साफ करून आणतो म्हणून गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला घेऊन आलो.

साफसफाईचा नियम सोपा आहे. घासायचं नाही. पॉलिश पेपर, वायर ब्रश, ग्राइंडर सगळं बंद. पेंट रिमूव्हर लावायचा, थांबायचं, लाकडाच्या पट्टीने एकेक थर सोडवायचा. शनिवारी बाल्कनीत बसलो. वर निळा, त्याखाली लाल (हा मला आठवतो, मी तिसरीत होतो), त्याखाली राखाडी, आणि सगळ्यात खाली मूळ फौजी हिरवा. कमिट हिस्टरी वाचल्यासारखं वाटत होतं. रविवारी सकाळी डबा उलटा केला आणि तळाला हात घातला. अमेरिकन डब्यांच्या तळाला एक छाप असतो. महायुद्धातल्या डब्यांवर ‘२०-५-४२’, ‘२०-५-४३’ असं काहीतरी. २० म्हणजे पत्र्याचा गेज, ५ म्हणजे गॅलन आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे साल.

थर निघाला. २०-५-५१.

पुन्हा पुसलं. टॉर्च लावला. मोबाइलने फोटो काढून झूम केला. ५१. चौथ्यांदा बघूनही ५१.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा क्षण माहीत असतो. डेमो झालाय, क्लायंट खूश आहे, मॅनेजरने वर मेल पाठवलाय, आणि मग तुम्हाला लॉगमध्ये टाइमस्टॅम्प दिसतो. १९५१ मध्ये बनलेला डबा १९४८ मध्ये आबांना मिळू शकत नाही. कुठलाही जुगाड करा, नाही.

आता प्रामाणिकपणे सांगतो. पहिला विचार आला तो रंगाचा. तळाला एक हिरवा हात मारला की विषय संपला. गंगाखेडात कोण डबा उलटा करून बघणार होतं? मी तासभर तसाच बसून होतो. पण मग ते पितळी होकायंत्र समोर दिसलं, शेल्फवर. त्याच्यावर कुणीतरी १८८५ कोरलं होतं. मी डब्यावर रंग मारला असता तर त्या माणसात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? त्याने निदान बाराशे रुपयांसाठी केलं.

दुसरा विचार, डबा इथे आला तरी कसा? १९५१ म्हणजे कोरियाचं युद्ध, अमेरिकेत लष्करी मालाचं उत्पादन जोरात. आपली ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स तेव्हा तिथे अमेरिकन सैनिकांच्या बरोबरीने काम करत होती. पुढे १९५३-५४ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताची कस्टोडियन फोर्स गेली, तिचे प्रमुख आपले मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. आणि १९६२ च्या चीन युद्धात अमेरिकेने आपल्याला लष्करी मदत पाठवली. या कुठल्याही वाटेने एखादा डबा फौजेत आणि तिथून लिलावात, भंगारात येऊ शकतो. म्हणजे डबा अस्सल. फौजी असायलाही हरकत नाही. फक्त आमच्या गोष्टीतला नाही.

बाबांना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. आत्याला केला. आत्या बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठी, परभणीला असते, आणि तिची मेमरी म्हणजे आमच्या घराचा बॅकअप सर्व्हर.

“आत्या, फौजी डबा कधी आला गं आपल्याकडं?”

“कोणता? दोन होते की.”

मी उडालोच. दोन?

“पहिला पत्र्याचा होता, चौकोनी. कुजका मेला. पाणी ठेवलं की पाझरायचा. आई त्यात तुळस लावायची नंतर. आबा त्याला कुणाला हात लावू देत नव्हते, फौजेनं दिलाय म्हणायचे. ७२ च्या दुष्काळात घरातलं सगळं भंगार विकलं ना, तवा तोही गेला. हा जाडा हिरवा नंतर आला, विहिरीवर इंजन बसवलं तवा. डिझेल आणायला. आबांनी परभणीच्या भंगारवाल्याकडून आणला होता. तुझा बाप लहान होता, त्याला काय कळतंय.”

चौकोनी, पातळ पत्र्याचा, पाझरणारा. मी खुर्चीतच बसून राहिलो. हे वर्णन फ्लिम्झीला किती जुळतं! अर्थात चौकोनी पत्र्याचे रॉकेलचे डबेही तेव्हा घरोघरी होते. तुळशीचा डबा भंगारात वितळून आता अर्धं शतक होऊन गेलं, त्याचा तळ कुणी वाचू शकणार नाही. पण गोष्ट खोटी नव्हती, एवढं मला वाटायला लागलं. गोष्ट जुनी होती, डबा बदलला होता. आमच्या भाषेत, पॉइंटर चुकीच्या ऑब्जेक्टकडे बघत होता. आबांनी कधी खोटं सांगितलं नसणार. ते ‘फौजी डबा’ म्हणत राहिले आणि ऐकणार्‍या लहान पोराने समोरचा डबा धरला.

१६ तारखेला रात्री गंगाखेडला पोचलो. जेवणं झाल्यावर डबा उलटा करून बाबांसमोर ठेवला आणि सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावला, आकड्यावरून बोट फिरवलं.

“कामून सांगितलंस आत्ताच?” एवढंच म्हणाले. “परवा सांगितलं असतंस तर चाललं नसतं का?”

मला उत्तर सुचलं नाही. मी आत्याचं सांगितलं. पहिला डबा, तुळस, ७२ चा दुष्काळ. बाबा काही न बोलता उठले आणि झोपायला गेले. पस्तीस वर्षं मुलांना डबा दाखवून सांगितलेली गोष्ट मी दोन आकड्यांनी मोडली होती. माझं बरोबर होतं, हे मला माहीत होतं. त्याने काही बरं वाटलं नाही. रात्रभर गोदावरीच्या पुलावरून जाणार्‍या गाड्यांचे आवाज ऐकत पडलो होतो.

सकाळी उठलो तर बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून तयार. टेबलावर एक पुठ्ठा, त्यावर त्यांचं ते फळ्यावरचं वळणदार अक्षर: ‘पेट्रोलचा लष्करी कॅन. अमेरिकन बनावट, सन १९५१. शेतीकामात वापर.’

“चल, उचल,” म्हणाले.

वाचनालयात त्यांनी डबा टेबलावर ठेवला, पुठ्ठा टेकवला. आणि बोलायला उभे राहिल्यावर आबांची गोष्ट सांगितली. विहीर, पाणी, भाकरी, सगळी. शेवटी म्हणाले, “त्या जवानांनी वडिलांना दिलेला डबा आता आमच्याकडे नाही. त्यात माझ्या आईने तुळस लावली होती, असं माझी बहीण सांगते. दुष्काळात तो विकावा लागला. हा समोरचा दुसरा आहे.” मुलं नेहमीपेक्षा शांत बसली होती. मला उगाच तसं वाटलं असेल. पण एक म्हातारे गृहस्थ नंतर बाबांना गाठून त्यांच्या घरच्या कुठल्याशा तांब्याची गोष्ट बराच वेळ सांगत होते, हे नक्की.

परत पुण्याला येताना बाबा सोबत आले, नगरला (आता अहिल्यानगर) थांबलो. तिथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ मध्ये सुरू झालेलं. त्यातले शर्मन आणि स्टुअर्ट बघितले. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकलेला अमेरिकन पॅटनही बघितला. बाबा शर्मनपाशी बराच वेळ उभे होते. मग खाली वाकून काहीतरी शोधायला लागले.

“काय बघताय?”

“साल कुठं लिहितात याच्यावर?”

असो. छंद आता दोघांचा झालाय. जाता जाता, तुमच्या घरी असं काही असेल तर एवढं करा. एक, घासू नका. दोन, खरी गोळी, काडतूस असलं काही निघालं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. विनापरवाना जवळ ठेवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. आणि तीन, तळ वाचायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हातार्‍या माणसाला फोन करा. तळ कुठे जात नाही. डब्याचा तरी नाही.

मी क्रम उलटा केला. आता दर रविवारी आत्याला फोन करतो आणि ती सांगते ते लिहून घेतो. सध्या ट्रंकेबद्दल चाललंय. त्यातल्या दोन ट्रंका फौजी आहेत म्हणे.